जुन्या फाइल्स नव्या संगणकावर सापडत नाहीत, उघडत नाहीत, कॉपी मध्येच अडते: कारणं आणि उपाय

नवा संगणक घरी आला की पहिले दोन दिवस कौतुकात जातात. दुखणं वर येतं ते पुढच्या आठवड्यात. कुठलं तरी जुनं प्रमाणपत्र लागतं, जुना हिशेब लागतो, कुणीतरी आठ वर्षांपूर्वीचा फोटो मागतं, आणि तो नव्या संगणकावर नसतो. "सगळं तर कॉपी केलं होतं!" हे वाक्य मी प्रत्येक घरात ऐकलं आहे. घरच्यांचे आणि ओळखीतल्यांचे संगणक लावून देण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार संपला आणि त्याच्या आसपास अशा बदलाबदलीचे फोन बरेच आले. तक्रारी वेगवेगळ्या शब्दांत येतात, पण खोदत गेलं की मूळ बहुधा एकाच जागी सापडतं. फाइल जुन्या संगणकावर जिथे आहे असं माणसाला वाटत होतं, तिथे ती नव्हतीच.

म्हणून आधी एक कळकळीची विनंती. जुना संगणक किंवा त्यातली डिस्क अजून हाताशी असेल, तर तिच्यावर काही लिहू नका, ती फॉरमॅट करू नका, कुणाला देऊ नका. आणि फाइल्स हलवताना कट-पेस्ट कधीच नको, फक्त कॉपी. कट केलेलं काम अर्ध्यात अडलं की अर्ध्या फाइल्स इकडे आणि अर्ध्या तिकडे होतात. मग कुठली फाइल कुठे राहिली हे शोधण्यात दिवस जातो.

नावं दिसतात, पण फाइल उघडत नाही

माझ्या मावशीचा जुना लॅपटॉप सुरूच होईना. तिने नवा घेतला, जुन्यातली डिस्क कुणाकडून तरी काढून घेतली, यूएसबीच्या डबीत घातली आणि नव्या लॅपटॉपला जोडली. सगळं बरोबर केलं होतं. फोटोंचा फोल्डर दिसला, वर्षांप्रमाणे लावलेले उपफोल्डर दिसले. कॉपी करायला घेतलं तर पहिल्याच फोटोपाशी चूक दाखवायला लागलं. तिने "सगळ्यांसाठी हेच करा" या चौकोनात टिक केली आणि स्किप दाबलं. कॉपी मिनिटभरात संपली. मग मला फोन.

"अगं, फोटोंची नावं आहेत सगळी, पण एकही उघडत नाही. डिस्क गेली का माझी?"

"मावशी, थांब. त्या जुन्या डिस्कवरच्या एका फोटोवर राइट क्लिक कर आणि प्रॉपर्टीज बघ. साइज किती दिसतेय?"

"तीन पॉइंट आठ एमबी."

"आणि खालच्या ओळीत, साइज ऑन डिस्क?"

"तिथे शून्य बाइट्स आहे गं."

तिथेच उत्तर मिळालं. डिस्क ठणठणीत होती. ते फोटो त्या डिस्कवर मुळी नव्हतेच. क्लाउडची सोय चालू असली की जागा वाचवण्यासाठी फाइलचं फक्त नाव, आकार आणि तारीख संगणकावर राहते. आतला मजकूर सर्व्हरवर असतो आणि डबल क्लिक केलं की त्या क्षणी उतरतो. मावशी रोज तेच करत होती. फोटो दोन सेकंद उशिरा उघडायचा आणि तिला वाटायचं लॅपटॉप जुना झाला म्हणून. डिस्क बाहेर काढल्यावर तिला सर्व्हरशी जोडणारा प्रोग्रामच उरला नाही आणि मागे राहिल्या नुसत्या पाट्या.

वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, आयक्लाउड, गूगल ड्राइव्ह, सगळ्यांत या ना त्या रूपात ही सोय आहे. उपायही एकच. त्या सेवेच्या वेबसाइटवर जुन्याच खात्याने साइन इन करा, फाइल्स तिथे आहेत की नाही ते बघा आणि तिथून नव्या संगणकावर उतरवा. मावशीच्या बाबतीत खरा वेळ गेला तो खातं कुठल्या ईमेलवर आहे हे आठवण्यात. तिचे तीन ईमेल होते आणि लॅपटॉपवर वापरलेला त्यातला सर्वांत जुना निघाला. फोटो मात्र सगळे जागेवर होते.

जुना संगणक अजून चालत असेल तर हे काम बरंच सोपं आहे. विंडोजवर वनड्राइव्हच्या फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलपुढे एक खूण असते. निळ्या रेषेचा ढग म्हणजे फाइल फक्त क्लाउडवर. पांढऱ्या गोलात हिरवी टिक म्हणजे सध्या इथे आहे, पण जागा लागली तर जाऊ शकते. भरीव हिरव्या गोलात पांढरी टिक म्हणजे कायम इथे. वरच्या फोल्डरवर राइट क्लिक करून "ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस" निवडा आणि सगळ्या खुणा भरीव हिरव्या होईपर्यंत थांबा. त्यानंतरच कॉपी करा. डिस्कवर तेवढी जागा नसेल तर एकेक उपफोल्डर घ्या.

याची उलटी बाजूही लक्षात ठेवायला हवी. वनड्राइव्हची फुकट जागा ५ जीबी आहे. ती भरली की नव्या फाइल्स वर जाणं थांबतं. सूचना येते, पण कोपऱ्यातल्या त्या छोट्या ढगावरच्या लाल खुणेकडे कुणी बघत नाही. अशा वेळी नव्या संगणकावर त्याच खात्याने साइन इन केलं की जुन्या फाइल्स येतात आणि गेल्या वर्षभरातल्या येत नाहीत. त्या फक्त जुन्या संगणकावर असतात. "क्लाउडवर आहे सगळं" असं कुणी म्हणालं की मी आधी शेवटच्या आठवड्यातली एक फाइल वेबसाइटवर शोधून दाखवायला सांगते.

फोल्डरच सापडत नाही

डॉक्युमेंट्स नावाचे दोन फोल्डर असणं हा यातला सर्वांत जास्त वेळा भेटणारा प्रकार. क्लाउड बॅकअप चालू केला की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तिन्ही वनड्राइव्हच्या फोल्डरच्या पोटात जातात. पण यूझर्समधल्या तुमच्या नावाच्या फोल्डरात जुना डॉक्युमेंट्सही राहू शकतो, आणि काही जुने प्रोग्राम हट्टाने तिथेच सेव्ह करत राहतात. कॉपी करताना माणूस एक डॉक्युमेंट्स उचलतो आणि निर्धास्त होतो. दोन्ही उघडून बघा. सी ड्राइव्हच्या अगदी वरच्या पातळीवर कुणी फोल्डर करून ठेवलाय का, डी ड्राइव्ह आहे का, यूझर्समध्ये पब्लिक नावाच्या फोल्डरात काही आहे का, आणि त्याच संगणकावर घरातल्या दुसऱ्या कुणाचं वेगळं खातं होतं का, हेही बघा. एका घरात मुलाच्या खात्यात बाबांची सगळी पत्रं सापडली होती. त्या दिवसांत बाबांचा पासवर्ड चालत नव्हता म्हणून ते मुलाच्या खात्यातून काम करायचे.

काही गोष्टी डोळ्यांना दिसतच नाहीत, कारण त्या ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरात असतात. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूतून "हिडन आयटम्स" चालू केल्यावर तो दिसतो. तो अख्खा उचलून नव्या संगणकावर टाकू नका, त्याने नवे गोंधळ होतात. त्यातलं नेमकं हवं ते घ्या.

मेल हे त्यातलं सर्वांत मोलाचं. जुन्या आउटलुकमध्ये पीओपी पद्धतीचं, म्हणजे मेल संगणकावर उतरवून घेणारं खातं असेल तर वर्षानुवर्षांचा मेल फक्त त्या संगणकावर असू शकतो, सर्व्हरवर नाही. तो शेवटी पीएसटी असलेल्या फाइलमध्ये असतो, बहुधा डॉक्युमेंट्समधल्या "आउटलुक फाइल्स" फोल्डरात. आउटलुक उघडं असताना ही फाइल कॉपी होत नाही, म्हणून आधी ते पूर्ण बंद करा. शेवटी ओएसटी असलेली फाइल मात्र सर्व्हरवरच्या मेलची स्थानिक प्रत असते. ती नेऊन उपयोग नाही, नव्या संगणकावर खातं जोडलं की ती नव्याने तयार होते. मेलसाठी थंडरबर्ड हा प्रोग्राम वापरत असाल तर त्याचा प्रोफाइल फोल्डर पूर्णच्या पूर्ण न्यावा लागतो. थंडरबर्डच्याच हेल्प मेनूतल्या ट्रबलशूटिंगच्या पानावरून तो थेट उघडता येतो.

ब्राउझरमधले पासवर्ड फोल्डर कॉपी करून येत नाहीत, निदान क्रोम आणि एजचे तरी. ते जुन्या विंडोज खात्याशी बांधून कूटबद्ध केलेले, म्हणजे गुप्त संकेतात बदललेले असतात. जुना संगणक चालू असतानाच सिंक चालू करा किंवा पासवर्ड एक्स्पोर्ट करा. एक्स्पोर्ट केलेली फाइल साध्या मजकुराची असते, कुणीही उघडून वाचू शकतं. नव्या संगणकावर ती आत घेतली की लगेच पुसा, पेनड्राइव्हवरूनही. फायरफॉक्सचं प्रोफाइल मात्र फोल्डरसकट नेता येतं.

प्रोग्राम कॉपी होत नाहीत हे सांगायलाच हवं, कारण "प्रोग्राम फाइल्स" हा फोल्डर उचलून आणणारे अजून भेटतात. विंडोज ७च्या काळात "इझी ट्रान्सफर" नावाची सोय होती. तीही फाइल्स आणि सेटिंग्जच हलवायची, प्रोग्राम नाही, आणि विंडोज १०पासून ती उरलेली नाही. प्रोग्राम नव्याने बसवावेच लागतात. त्यांच्या परवान्याचे क्रमांक जुना संगणक बंद करण्याआधी लिहून घ्या.

"परवानगी नाही" असं येतं

जुनी डिस्क नव्याला जोडली, तुमच्या नावाचा फोल्डर उघडला आणि परवानगी नसल्याचा संदेश आला, तर घाबरू नका. विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही, आतल्या एका लांबलचक क्रमांकाने ओळखतं. जुन्या संगणकावरचं तुमचं खातं आणि नव्यावरचं खातं यांची नावं सारखी असली तरी क्रमांक वेगळे असतात. त्यामुळे नव्या संगणकाच्या लेखी तो फोल्डर परक्याचा ठरतो. बहुतेक वेळा त्याच खिडकीतलं "कंटिन्यू" दाबलं की पुरतं. फाइल्स खूप असतील तर ती हिरवी पट्टी दहा-पंधरा मिनिटं सरकत राहते. तेवढं थांबा, मध्येच बंद करू नका. तरीही अडलं तर प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड या वाटेने जाऊन "ओनर"समोरचं चेंज दाबा, स्वतःचं खातं द्या आणि उपफोल्डरांनाही लागू करा अशी टिक करा.

बिटलॉकरचं, म्हणजे अख्खी डिस्क कूटबद्ध करणाऱ्या विंडोजच्या सोयीचं, प्रकरण मात्र वेगळं आणि गंभीर आहे. डिस्क जोडल्यावर ती कुलपाच्या चिन्हासह दिसली आणि रिकव्हरी की मागू लागली, तर त्या ४८ अंकी कीशिवाय आत जाता येत नाही. मालकी बदलून नाही, डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून नाही, कुठलाही प्रोग्राम वापरून नाही. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा साइन इन केलं की हे कूटबद्धीकरण आपोआप चालू होतं. त्यामुळे "मी कधी लावलंच नव्हतं" असं म्हणणाऱ्यांच्या डिस्कलाही कुलूप असतं. की बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात, वेबसाइटवर, उपकरणांच्या यादीत जपलेली असते. जुना संगणक अजून चालत असेल तर आजच तिथे जा, की बघा, कागदावर उतरवा आणि वहीत ठेवा. त्याच संगणकावर फाइल करून ठेवली तर गरजेच्या वेळी तीही कुलपाआडच असेल.

कॉपी मध्येच अडते

इथे पहिला प्रश्न मी नेहमी हाच विचारते: दर वेळी त्याच फाइलपाशी अडते का, की प्रत्येक वेळी वेगळ्या जागी? त्यावरून वाट ठरते.

वेगळ्या जागी अडत असेल तर दोष बहुधा फाइलचा नसतो. संगणक झोपी जातो, ही साधी गोष्ट आधी तपासा. कॉपी होईपर्यंत दोन्ही संगणकांची स्लीप बंद ठेवा, चार्जर लावून ठेवा, लॅपटॉपचं झाकण उघडं राहू द्या. मग केबल बदला. हबमधून जोडलं असेल तर हब काढून थेट पोर्टमध्ये घाला. बाहेरच्या हार्ड डिस्कला वीज कमी पडली की ती क्षणभर गायब होऊन पुन्हा दिसते आणि कॉपी तुटते. वेगाचाही अंदाज असू द्या. यूएसबी २.०चा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट असला, तरी प्रत्यक्षात हातात ३० ते ४० एमबीच पडतात. म्हणजे २०० जीबीला साधारण दीड ते दोन तास, आणि बारीकसारीक फाइल्स हजारोंनी असतील तर त्याहून बरेच जास्त. पट्टी हलत नाही म्हणून कॉपी अडली असं नसतं.

दर वेळी त्याच फाइलपाशी अडत असेल तर फाइल मोठी आहे का ते बघा. पेनड्राइव्हवर ५० जीबी जागा मोकळी असताना "फाइल फार मोठी आहे" असा संदेश आला, तर तो पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपर्यंतच असू शकते. लांबलचक व्हिडिओ आणि मेलची पीएसटी फाइल इथे हमखास अडतात. पेनड्राइव्ह रिकामा करून एक्सएफएटी पद्धतीने फॉरमॅट केला की प्रश्न सुटतो, आणि तो विंडोज व मॅक दोन्हींवर वाचता-लिहिता येतो. एनटीएफएस पद्धतीची डिस्क मॅकवर वाचता येते, पण आहे त्या स्थितीत तिच्यावर लिहिता येत नाही, एवढं मॅककडे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

फाइल लहान असूनही अडते आणि संदेशात नाव किंवा पाथ लांब असल्याचं येतं, तेव्हा मराठीत नावं देणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यायला हवं. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंत पूर्ण पाथ २६० वर्णांत बसावा लागतो, निदान फाइल एक्सप्लोररमध्ये तरी. आणि संगणक काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे वर्ण म्हणून मोजतो. "छायाचित्रे" हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा वाटतो, संगणकाच्या मोजणीत तो दहा वर्णांचा आहे. जुन्या संगणकावर हेच फोल्डर नीट चालत होते, मग आत्ताच का अडलं? कारण आपण ते "जुन्या लॅपटॉपमधल्या सर्व फाइल्स" अशा नावाच्या फोल्डरात, त्यातल्या आणखी एका फोल्डरात नेऊन ठेवतो आणि पाथ तेवढा लांबतो. सी ड्राइव्हच्या वरच्या पातळीवर "जुने" नावाचा फोल्डर करा आणि थेट त्यात कॉपी करा. बहुतेकदा एवढ्याने काम होतं. घरात नेटवर्कवरचं स्टोरेज असेल तर तिथे आणखी एक मर्यादा भेटते. लिनक्सवर चालणाऱ्या अशा बहुतेक यंत्रांत एका फाइलच्या नावाला २५५ बाइट्स मिळतात, आणि देवनागरीचा एकेक वर्ण ३ बाइट्स घेतो. म्हणजे नाव ८५ वर्णांत संपवावं लागतं. पत्राचा अख्खा विषय फाइलच्या नावात लिहिणाऱ्यांना हा फटका बसतो.

आता काळजीची गोष्ट. संदेशात "सायक्लिक रिडन्डन्सी चेक" असे शब्द आले, किंवा फाइल खराब झाली असून वाचता येत नाही असं आलं, तर जुन्या डिस्कचा तो भाग बिघडलेला असू शकतो. अशा वेळी हौसेने डिस्क दुरुस्त करायला जाऊ नका. चेकडिस्क या विंडोजच्या साधनाची सखोल तपासणी अख्खी डिस्क वाचते, आणि मरायला टेकलेल्या डिस्कला तोच ताण शेवटचा ठरू शकतो. आधी जे सर्वांत मोलाचं आहे ते बाहेर काढा. फोटो आणि स्वतः लिहिलेलं आधी, उतरवलेले व्हिडिओ आणि प्रोग्रामच्या फाइल्स शेवटी. अडलेली फाइल सोडून पुढे जा, तिच्याकडे नंतर बघता येईल. डिस्कमधून टक टक आवाज येत असेल तर तिथेच थांबा, वीज काढा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे द्या. त्या आवाजानंतर चालू ठेवलेलं प्रत्येक मिनिट नुकसानीचं असतं.

फाइल्स खूप असतील आणि कॉपी पुन्हा पुन्हा तुटत असेल, तर विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी नावाची कमांड मनापासून सुचवेन. ती तुटली तरी पुन्हा चालवली की झालेल्या फाइल्स सोडून उरलेल्या घेते, लांब पाथ सांभाळते आणि काय झालं, काय राहिलं याची नोंद फाइलमध्ये लिहून ठेवते. दोन गोष्टी मात्र सांभाळा. एक, फाइल वाचता आली नाही तर ती मुळात दहा लाख वेळा, दर ३० सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करते. म्हणजे एका खराब फाइलपाशी जवळपास वर्षभर. म्हणून प्रयत्नांचा आणि थांबण्याचा पर्याय, आर आणि डब्ल्यू, दोन्ही १वर आणा. यूझर्सचा फोल्डर घेत असाल तर एक्सजे हा पर्यायही जोडा, नाहीतर त्यातल्या स्वतःकडेच बोट दाखवणाऱ्या दुव्यांत ती फिरत राहते. दोन, "मिरर"चा पर्याय वापरू नका. मूळ जागी नसलेलं सगळं तो दुसऱ्या बाजूने पुसतो, आणि दोन जागांची अदलाबदल झाली तर काय होईल हे सांगायला नको.

कॉपी एकदाही न अडता पूर्ण झाली, पण नंतर ठरावीक प्रमाणापुढच्या फाइल्स उघडतच नाहीत, असं असेल तर पेनड्राइव्हवर संशय घ्या. खोटी क्षमता दाखवणारे पेनड्राइव्ह मिळतात. आत चिप ३२ जीबीची असते आणि संगणकाला सांगितलं जातं १ टीबी. त्यापुढचं लिहिलेलं कुठेच राहत नाही, आणि लिहिताना कसलीही तक्रार येत नाही. एचटूटेस्टडब्ल्यूसारखं फुकट साधन पूर्ण पेनड्राइव्ह भरून, परत वाचून खरी क्षमता सांगतं. नव्या पेनड्राइव्हवर भरवसा टाकण्याआधी मी ते एक रात्र चालवून ठेवते.

फाइल उघडते, पण मराठीच्या जागी भलतंच काही दिसतं

फाइल बिघडलेली नाही. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा युनिकोडपूर्व (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मजकुरात आत रोमन अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात. फॉन्ट त्यांना देवनागरीचा आकार देतो. नव्या संगणकावर तो फॉन्ट नाही, म्हणून आतलं उघडं पडतं. जुन्या संगणकाच्या विंडोज फोल्डरातल्या फॉन्ट्समधून ती फॉन्ट फाइल आणा, राइट क्लिक करून इन्स्टॉल करा आणि कागदपत्र पुन्हा उघडा. पुढे सवडीने मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, म्हणजे पुढच्या संगणकावर हे पुन्हा होणार नाही. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच राहतात.

मंगल फॉन्टमधली कागदपत्रं वाचता येतात, पण पानं इकडची तिकडे सरकतात, असंही होतं. विंडोज १०पासून मंगल, अपराजिता, कोकिळा हे फॉन्ट प्रत्येक संगणकावर आधीपासून असतीलच असं नाही. सेटिंग्जमध्ये "ऑप्शनल फीचर्स" शोधा आणि तिथून देवनागरीचा पूरक फॉन्ट संच बसवा.

फोटोंच्या तारखा आजच्या झाल्या

कॉपी केल्यावर "तयार झाल्याची तारीख" नवी होते, "बदलल्याची तारीख" जुनीच राहते. कॅमेऱ्याने फोटोच्या आत लिहिलेली तारीख तर अजिबात हलत नाही. फोल्डरात "डेट टेकन" हा रकाना जोडून त्यावर क्रम लावा. चॅटवरून आलेल्या फोटोंमधली ही माहिती बहुधा पाठवतानाच गळून गेलेली असते. त्यांच्यासाठी बदलल्याची तारीख आणि फाइलचं नाव एवढाच आधार उरतो.

सगळं आलं हे कसं ठरवायचं

दोन्हीकडच्या फोल्डरांच्या प्रॉपर्टीज शेजारी शेजारी उघडा आणि फाइल्सची संख्या व साइज ताडून बघा. साइज ऑन डिस्क जुळत नाही म्हणून घाबरू नका. एनटीएफएसवर फाइलला जागा सहसा ४ केबीच्या तुकड्यांत मिळते. ३२ जीबीहून मोठ्या एक्सएफएटी ड्राइव्हवर मात्र तुकडा मुळात १२८ केबीचा असतो, त्यामुळे १ केबीची चिठ्ठीही तिथे १२८ केबी अडवते. जुळायला हवा तो वरचा आकडा.

आकडे जुळले तरी मी प्रत्येक मोठ्या फोल्डरातली सर्वांत जुनी, सर्वांत नवी आणि सर्वांत मोठी फाइल उघडून बघते. व्हिडिओ असेल तर मध्यावर आणि शेवटाजवळ नेऊन चालवते, कारण अर्धवट आलेला व्हिडिओ सुरुवातीला व्यवस्थित चालतो. हे काम ज्याच्या फाइल्स आहेत त्याला शेजारी बसवून करा. आपल्याला जो फोल्डर निरुपयोगी वाटतो, त्यातच त्याचं सगळं असतं.

त्यानंतर जुना संगणक तीन महिने तसाच राहू द्या. वर्षातून एकदाच लागणारी कागदपत्रं असतील तर वर्षभर. एकच प्रत नव्या संगणकावर आणि जुना पुसलेला, अशी वेळ येऊ देऊ नका. त्याआधी बाहेरच्या डिस्कवर आणखी एक प्रत काढा. देऊन टाकायची वेळ आली की आधी क्लाउड आणि परवान्यांच्या खात्यांतून त्या संगणकावर साइन आउट करा. मग "रीसेट धिस पीसी"मध्ये "रिमूव्ह एव्हरीथिंग" निवडून, सेटिंग्ज बदलायच्या जागी "क्लीन डेटा" चालू करा. नुसत्या फाइल्स डिलीट करून रिसायकल बिन रिकामा केलेल्या हार्ड डिस्कवरून त्या परत काढता येतात.

मावशीची जुनी डिस्क अजून तिच्या कपाटात आहे. तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवली आहे आणि त्यावर तीन ओळी लिहिल्या आहेत: कधी काढली, त्यातलं काय काय कॉपी झालं, आणि फोटोंचं खातं कुठल्या ईमेलवर आहे.